तयार मोटर-चॅसीवर हाताने बांधलेली गाडी: मोजमापापासून रुळावर येईपर्यंत

मॉडेल रेल्वेत इंजिनाची किंवा डब्याची बॉडी हाताने बांधणं तसं फार अवघड नाही. स्टायरीनची (पातळ प्लास्टिकची) शीट, धारदार कटर, गुण्या आणि थोडा संयम एवढ्यावर भागतं. काम अडतं ते खालच्या बाजूला. गिअर, वर्म (स्क्रूसारखा गिअर), चाकं, रुळावरून वीज उचलणाऱ्या पट्ट्या हे सगळं इतकं बारीक जुळवावं लागतं की लेथ हाताशी नसेल तर गाडी चालते कमी आणि थांबते जास्त. म्हणून बहुतेक जण तयार मोटर-चॅसी घेऊन तिच्यावर आपली बॉडी चढवतात. निर्णय शहाणपणाचा आहे. घोटाळा होतो तो क्रमात: आवडत्या गाडीचा आराखडा आधी निघतो, बॉडी अर्धी उभी राहते, आणि मग तिच्याखाली बसेल अशी चॅसी शोधणं सुरू होतं. तशी चॅसी जवळपास कधीच मिळत नाही. इथे सगळा क्रम उलटा धरला आहे. आधी चॅसी हातात घ्यायची, ती मोजायची, चालवून बघायची, आणि मग तिच्याभोवती काय उभं राहू शकतं ते ठरवायचं.

चॅसी निवडताना

ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात. पहिली म्हणजे सुटी मोटर-बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची फिरती चौकट). तेनशोदो या जपानी कंपनीची पॉवर ट्रक हे तिचं ओळखीचं उदाहरण. मोटर आणि गिअर दोन आसांच्या मधल्या जागेतच बसवलेले, चाकं १०.५ मिमी व्यासाची, आणि आसांमधलं अंतर नावातच सांगितलेलं: डब्ल्यूबी-२४.५, डब्ल्यूबी-२६, डब्ल्यूबी-३१, डब्ल्यूबी-३५. खिडक्यांतून आरपार दिसणारी रेलकार किंवा ट्राम करायची असेल तर हिला तोड नाही, कारण ती जवळजवळ सगळी फरशीखालीच राहते. तोटा असा की ती स्वतः हलकी असते, आणि वीज चारच चाकांवरून येते.

दुसरी तऱ्हा म्हणजे तयार इंजिनाची अख्खी चॅसी: मधोमध मोटर, भोवती ओतीव वजन, दोन्ही टोकांना कार्डन शाफ्टने (सांधे असलेल्या फिरत्या दांड्याने) जोडलेल्या बोग्या. चालायला गुळगुळीत आणि ओढायला दमदार. पण ती बॉडीचा बहुतेक पोकळ भाग व्यापते, म्हणून मोठ्या खिडक्यांच्या गाडीला निरुपयोगी. डिझेल किंवा विद्युत इंजिनाला मात्र हीच घ्यावी.

तिसरी म्हणजे ९ मिमी गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) छोटे, सुटे विकले जाणारे पॉवर युनिट. काटो आणि तोमीटेक या दोन्ही कंपन्या अशी युनिट बनवतात. मुळात ती एन स्केलच्या (सुमारे १:१५०) छोट्या गाड्यांसाठी असली तरी नॅरोगेजवाल्यांनी ती केव्हाच आपलीशी केली आहेत. कारण साधं आहे: एचओ स्केल (१:८७) धरून ९ मिमीला ८७ ने गुणा, ७८३ मिमी येतात, म्हणजे ७५० किंवा ७६० मिमीच्या खऱ्या नॅरोगेजच्या पुष्कळ जवळ. ४ मिमीला १ फूट या स्केलमध्ये तेच ९ मिमी २ फूट ३ इंच होतात. याच न्यायाने १६.५ मिमीची एचओ चॅसी १:४८ मध्ये ७९२ मिमी भरते आणि ३० इंची नॅरोगेजला चालून जाते, तर झेड स्केलची ६.५ मिमीची चॅसी एचओत ६०० मिमीच्या लाइनसाठी वापरतात. एका चॅसीचे असे दोन-तीन जन्म होऊ शकतात, हे शोधताना लक्षात ठेवा.

वापरलेली चॅसी घेत असाल तर ओतीव धातूचा भाग उजेडात नीट बघा. अशुद्ध जस्त-मिश्रधातूत कालांतराने आतून भेगा पडतात, धातू फुगतो आणि शेवटी भुगा होतो. बारीक जाळीसारख्या भेगा, वाकलेली फ्रेम किंवा फुगून घट्ट झालेली आसांची खाच दिसली तर ती चॅसी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. हा दोष दुरुस्त होत नाही.

काही कापण्याआधी चालवा

नवी असो वा जुनी, चॅसी बॉडीशिवाय दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने फिरवा. गोल ट्रॅकवर चालवत असाल तर मध्येच उचलून तिचं तोंड फिरवा, म्हणजे चाकांची झीज एकतर्फी होणार नाही. मग मल्टिमीटर सिरीजमध्ये जोडून बॉडीशिवाय चालताना किती करंट घेते ते लिहून ठेवा. हा आकडा पुढे प्रत्येक पायरीला कामाला येतो. बॉडी चढवल्यावर तो एकदम वाढला तर कुठेतरी काहीतरी घासतंय, हे डोळ्यांआधी मीटर सांगतो.

चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतरही याच वेळी व्हर्नियरने तपासा. एचओ आणि ओओच्या (ओओ म्हणजे वरचं ४ मिमीला १ फूट हे स्केल) सध्याच्या चाकांना ते साधारण १४.४ मिमी आणि एनला ७.४ मिमी असावं. पॉइंटवर (रूळ बदलण्याच्या जागी) गाडी उडते तेव्हा लोक बॉडीला दोष देतात, आणि दहातल्या निम्म्या वेळा दोष इथे असतो.

वर्म गिअरची चॅसी हाताने ढकलून चाकं फिरत नाहीत, ती नुसती घसटतात. म्हणून जोर लावून ढकलू नका. दोन मोटर-चॅसी एकाच गाडीत घालायचा विचार असेल तर हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. एक जरा जलद आणि एक हळू असेल, तर हळू असलेली दुसरीला रोखून धरते. दोन्ही एकाच ट्रॅकवर मागेपुढे सोडा आणि अंतर किती वेगाने वाढतं ते बघा. पूर्ण फेरीत फरक नगण्य असेल तरच जोडी जमवा.

मोजमाप आणि तडजोड

आता चॅसीचं १:१ चित्र ग्राफ पेपरवर काढा: वरून, बाजूने आणि समोरून. सर्वांत उंच बिंदू रुळाच्या माथ्यापासून किती वर आहे आणि तो लांबीत कुठे येतो, सर्वांत रुंद भाग कोणता, आसांमधलं अंतर, चाकाचा व्यास, स्क्रूची भोकं, आणि फिरणारा प्रत्येक भाग किती जागा घेतो. मोटरच्या शाफ्टवरचं फ्लायव्हील आणि कार्डन शाफ्टचा सांधा हमखास विसरले जातात. चाकाचा व्यास रुळावर टेकणाऱ्या पृष्ठभागावर मोजायचा, फ्लँजवर (चाकाच्या उंच कडेवर) नाही.

हातातली चॅसी कोणत्या खऱ्या गाडीला शोभेल हे त्यानंतरचं गणित. खरं माप भागिले स्केल, एवढंच ते आहे, पण उत्तरातली चूक किती चालवून घ्यायची हा प्रश्न चाकं दिसतात की झाकली जातात यावर ठरतो. जर्मन कोफ-२ हे छोटं शंटिंग इंजिन घ्या. आसांमधलं अंतर २५०० मिमी, चाकं ८५० मिमी, बफर धरून लांबी ६४५० मिमी. एचओत हे अनुक्रमे २८.७, ९.८ आणि ७४.१ मिमी. वरच्या यादीतली २६ ची चॅसी २.७ मिमीने तोकडी आणि ३१ ची २.३ मिमीने लांब. इंजिन इतकं छोटं, चाकं पूर्ण उघडी, त्यामुळे दोन्ही चुका नजरेला बोचतात. माझं मत विचाराल तर इथे हट्ट सोडावा, आणि २६ च्या चॅसीवर २.२५ मीटर आसांतराचं काल्पनिक पण पटेल असं औद्योगिक इंजिन बांधावं.

आता तेच २५०० मिमी मिंडेन-डॉइट्झ बोगीत बघा. जर्मन प्रवासी डब्यांखालच्या या बोगीचं आसांतरही २५०० मिमीच आहे. पण इथे चाकं बाजूच्या जाड फ्रेममागे अर्धी लपतात. ३१ च्या मोटर-बोगीवर बाजूची फ्रेम चिकटवताना आसपेट्या खऱ्या आसांच्या टोकांवर नेमक्या बसवा आणि जास्तीचे २.३ मिमी मधल्या भागात, स्प्रिंगच्या आजूबाजूला जिरवा. डोळा आसपेटी आणि चाक एका रेषेत आहेत का ते पाहतो, मधलं अंतर मोजत नाही. म्हणजे एकाच मापाची चूक एकीकडे नामंजूर आणि दुसरीकडे बिनबोभाट मंजूर. ट्रामची खालपर्यंत येणारी स्कर्ट, वाफेच्या इंजिनाच्या बाजूच्या टाक्या, नॅरोगेज इंजिनाची बाहेरची फ्रेम हे सगळे तडजोड झाकणारे पडदे आहेत, आणि प्रोटोटाइप (नमुन्याची खरी गाडी) निवडताना ते मुद्दाम शोधावेत.

चाकाच्या व्यासाबद्दल एक सोपा कौल. शंका असेल तर लहान चाक घ्या. खऱ्या रेल्वेतही चाकं झिजतात आणि पुन्हा तासली जातात, त्यामुळे थोडं लहान चाक खोटं ठरत नाही. मोठं चाक मात्र फरशी वर ढकलतं, मग बफर आणि कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची बिघडते, आणि एका मिलिमीटरसाठी सगळी गाडी उंच पायांवर उभी असल्यासारखी दिसते.

बोगीची गाडी असेल तर वळणाचं गणितही आताच करा, कारण फरशीखालचे टप्पे आणि पायऱ्या त्यावर ठरतात. दोन बोग्यांच्या केंद्रांतलं अंतर १६० मिमी, गाडी २३० मिमी लांब आणि वळणाची त्रिज्या ४३८ मिमी धरू. गाडीचा मध्यभाग वळणाच्या आत किती सरकतो? अंतराचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या: २५,६०० भागिले ३,५०४, म्हणजे ७.३ मिमी. टोकं बाहेर किती जातात? एकूण लांबीच्या वर्गातून केंद्रांतराचा वर्ग वजा करून त्याच ३,५०४ ने भागा: ७.८ मिमी. बोगी किती वळते? अर्धं केंद्रांतर भागिले त्रिज्या: ८० भागिले ४३८, म्हणजे सुमारे साडेदहा अंश. ४५ मिमी लांबीच्या बोगीचं टोक त्यामुळे ४ मिमीहून थोडं जास्त बाजूला सरकतं. तेवढी जागा आतून मोकळी हवी. नसेल तर बॉडी रुंद करण्यापेक्षा आतल्या बाजूने स्टायरीन पातळ करणं बरं.

पुठ्ठ्याची बॉडी

ही पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. जाड कागदाची किंवा पातळ पुठ्ठ्याची खोक्यासारखी बॉडी तासाभरात होते. ती चॅसीवर ठेवून तुमच्याकडच्या सर्वांत अरुंद वळणावर, पॉइंटवर आणि चढाच्या सुरुवातीला चालवा. मोटर छताला लागते का, कार्डन शाफ्ट खिडकीत दिसतो का, चालकाच्या केबिनमध्ये माणूस बसवायला जागा उरते का, सगळं इथे कळतं. खिडक्यांच्या रेषेच्या वर काय दिसतंय ते काळ्या पेनाने खुणावून ठेवा. पुष्कळदा आराखड्यात खिडकीची खालची कड १ मिमी वर घेतली की सगळा डाव जमतो.

चॅसी कापावी लागली तर

शक्यतो कापू नका. पण ओतीव वजनाचा कोपरा छताला लागतोय किंवा टोकाचा कपलर-पाय आड येतोय, असं होणारच. कापण्याआधी मोटर, गिअर आणि चाकं बाहेर काढा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, विशेषतः वॉशर कुठल्या बाजूला होता त्याचा. धातूचा कीस मोटरच्या चुंबकात आणि गिअरच्या दातांत शिरला की पुन्हा पूर्ण निघत नाही. जस्ताचा मिश्रधातू साध्या बारीक हॅक्सॉने सहज कापला जातो. फिरत्या कटिंग डिस्कने तो तापतो, चिकटतो, आणि डिस्क तुटून उडते. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. कापून झाल्यावर कानशीने कड मोडा, साबणाच्या पाण्याने घासून धुवा, पूर्ण वाळवा, मगच जुळणी करा.

बऱ्याच आधुनिक चॅसींमध्ये फ्रेमचे दोन धातूचे अर्धे भाग एकमेकांपासून इन्सुलेट केलेले असतात आणि प्रत्येक भाग एका रुळाची वीज वाहतो. अशा चॅसीत दोन्ही भागांना एकाच वेळी स्पर्श करणारा धातूचा स्क्रू किंवा पितळी बॉडी म्हणजे थेट शॉर्ट. नायलॉनचे स्क्रू वापरा, धातूच्या बॉडीच्या आतून इन्सुलेशन टेप लावा, आणि वजनाचा ठोकळा कधीही दोन्ही अर्ध्यांवर उघडा ठेवू नका.

वाफेच्या इंजिनाची चॅसी असेल तर चाकं आसावरून उपसू नका. दोन बाजूंचे क्रँक ९० अंशांनी मागेपुढे असतात. तो कोन एका चाकावर थोडा जरी चुकला तरी जोडदांडे अडखळतात, आणि जिगशिवाय (कोन धरून ठेवणाऱ्या साच्याशिवाय) तो पुन्हा साधणं म्हणजे डोकेदुखी.

चॅसी लांब किंवा आखूड करणं शक्य असतं, पण फक्त कार्डन शाफ्टच्या जागी. फ्रेम मधून कापून पितळी पट्टीने पुन्हा जोडा आणि शाफ्टची लांबी त्यानुसार बदला. बोगीच्या आतलं आसांतर मात्र गिअरच्या साखळीने बांधलेलं असतं. त्याला हात लावण्यापेक्षा वेगळी चॅसी शोधणं कमी वेळखाऊ.

मधली फ्रेम

बॉडी चॅसीला कधीही चिकटवू नका. तेल घालायला, चाकं पुसायला, ब्रश बदलायला ती निघालीच पाहिजे. सर्वांत निर्धोक रचना अशी: १.५ किंवा २ मिमी स्टायरीनची फरशी घ्या, तिच्यात चॅसी वर येईल एवढं भोक कापा आणि ही फरशी चॅसीच्या मूळ स्क्रूच्या भोकांतच स्क्रूने बसवा. बॉडी या फरशीवर टोपीसारखी उतरते आणि दोन्ही टोकांना खालून एकेक स्क्रू लागतो. नट बॉडीच्या आतल्या कोपऱ्यात स्टायरीनच्या पेटीत एपॉक्सीने अडकवून टाका. स्टायरीनमध्ये थेट आटे पाडले तर चार-पाच वेळा उघडझाप झाली की ते झिजतात.

उंची पक्की करायला फरशी आणि चॅसी यांच्यामध्ये ०.२५ आणि ०.५ मिमीच्या स्टायरीनच्या चकत्या घाला. पहिल्याच झटक्यात अचूक उंचीची अपेक्षा ठेवू नका. मुद्दाम १ मिमी जागा ठेवा आणि चकत्यांनी भरून काढा. एचओत केडी या कंपनीच्या प्रकारच्या कपलरचा मध्य रुळापासून साधारण ९.९ मिमी वर असतो. आधी कपलरची उंची, मग बफर, मग फरशीची कड, असं जुळवत जा.

बॉडीचे स्टायरीनचे थर एकमेकांवर चिकटवताना आतल्या थराला जागोजागी बारीक भोकं पाडा. बंद थरांत अडकलेला सॉल्व्हंट महिनोन्महिने बाहेर पडत राहतो आणि सरळ भिंत हळूहळू पोक काढते. खिडकीच्या काचा आणि चॅसी यांच्या जवळ सुपरग्लू नको. त्याच्या वाफेने काच धुरकट होते.

बोग्या कशावर टेकवायच्या

चार चाकांच्या गाडीत हा प्रश्न येत नाही. दोन बोग्यांच्या गाडीत मात्र गाडी डुलते की स्थिर चालते, वीज अखंड मिळते की तुटत राहते, हे सगळं इथे ठरतं. दोन्ही बोग्या सगळ्या दिशांना सैल ठेवल्या तर बॉडी एका कुशीवर कलते. दोन्ही घट्ट ठेवल्या तर रूळ जरा वाकडा झाला की एक चाक हवेत जातं.

म्हणून तीन बिंदूंवर टेकू द्या. मोटर-बोगी वळू द्या आणि पुढेमागे झुलू द्या, पण डावी-उजवीकडे कलू देऊ नका. त्यासाठी पिव्होटच्या (बोगी ज्याभोवती वळते त्या स्क्रूच्या) दोन्ही बाजूंना फरशीखाली स्टायरीनच्या अर्धगोल पट्ट्या चिकटवा, ज्यांवर बोगीची वरची बाजू हलकेच टेकेल. दुसऱ्या, बिनमोटरच्या बोगीला मधोमध एकच गोल वॉशर द्या आणि पिव्होटच्या भोवती थोडी मोकळी जागा, म्हणजे ती सगळीकडे झुलते. बॉडी दोन बाजूच्या आणि एका मधल्या टेकूवर उभी राहते, आणि रूळ कितीही वाकडा असला तरी आठही चाकं खाली राहतात. पिव्होटचा स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. आवळून अर्धा आटा मागे घ्या, आणि लॉक-नट लावा.

वजन कुठे आणि किती

मोटर-बोगी हलकी, बॉडी हलकी, त्यामुळे चाकं जागच्या जागी फिरतात. उपाय वजन हाच, पण त्याला मर्यादा आहे. मर्यादा शोधायची रीत अशी: मीटर जोडून गाडी रुळावर हाताने अडवून धरा आणि व्होल्टेज हळूहळू पूर्ण करा. चाकं घसरून फिरली पाहिजेत. चाकं थांबली आणि मोटर गुरगुरत अडली, तर वजन जास्त झालं. लगेच वीज बंद करा. घसरण्याच्या अगदी टोकावर मीटर जो करंट दाखवतो तो लिहून ठेवा. पुढे डीकोडर (डिजिटल नियंत्रणासाठी गाडीत बसणारं छोटं सर्किट) निवडताना लागेल.

वजन मोटर-बोगीच्या वर, शक्य तितकं खाली आणि दोन आसांच्या मध्ये असावं. चार चाकांच्या गाडीत तोल नेमका दोन आसांच्या मधोमध हवा. गाडी एका पेन्सिलीवर आडवी ठेवून तोलबिंदू शोधता येतो. तोल एका आसाकडे गेला तर दुसरा आस वीज उचलण्यात कुचराई करतो.

शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. म्हणजे २० × १५ × १० मिमीच्या जागेत शिसे ३४ ग्रॅम, तर टंगस्टन ५८ ग्रॅम बसतं. जागा कमी असेल तर टंगस्टन महाग असलं तरी सोयीचं. शिसं वापरणार असाल तर ते पांढऱ्या गोंदात, म्हणजे पीव्हीएमध्ये, कधीही बसवू नका. बंद जागेत शिसं आणि पीव्हीए यांची रासायनिक क्रिया होऊन शिसं फुगतं आणि चांगल्या बांधलेल्या बॉडीच्या भिंती फाटतात. एपॉक्सी घ्या. शिशाला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका, कात्रीने कापा आणि हात धुवा.

बिनमोटरचे डबे मागे जोडायचे असतील तर एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस एचओसाठी २८ ग्रॅम अधिक दर २५ मिमी लांबीला १४ ग्रॅम अशी आहे. २०० मिमीचा डबा १४० ग्रॅमचा होतो. छोट्या मोटर-बोगीला असे दोन-तीन डबे पुष्कळ झाले. इथे शिफारसीपेक्षा डबे थोडे हलके ठेवले तरी चालतं, फक्त सगळे सारखे हलके हवेत.

वीज

चार चाकांवर चालणारी गाडी प्रत्येक पॉइंटवर अडखळते. बिनमोटरच्या बोगीवरूनही वीज उचला. ०.३ मिमीच्या फॉस्फर ब्राँझ तारेची स्पर्शपट्टी चाकाच्या मागच्या बाजूला हलकी टेकवा. फार दाबली तर ती ब्रेक लावते. बोगी आणि फरशीमधली वायर अत्यंत लवचिक, अनेक बारीक तारांची हवी आणि पिव्होटच्या जवळून वर न्यायची, म्हणजे वळताना ती ओढली जात नाही. काही चाकांवर पकड वाढवणारे रबरी टायर असतात. ते ओढ वाढवतात पण त्या चाकावरून वीज येत नाही. चार चाकांपैकी दोनवर टायर असतील तर वीज उचलायला उरली दोनच. वजन पुरेसं असेल तर टायरचं चाक साध्या चाकाने बदलणं मला जास्त पसंत आहे.

पीव्हीसी आवरणाची वायर स्टायरीनला टेकून ठेवू नका. आवरणातलं प्लास्टिसायझर कालांतराने स्टायरीन मऊ करतं.

डीसीसी (गाडीचं डिजिटल नियंत्रण) बसवायचं असेल तर एक तपासणी अनिवार्य आहे. मोटरचे दोन्ही ब्रश फ्रेमपासून आणि चाकांपासून पूर्ण वेगळे आहेत का, ते मल्टिमीटरने पाहा. जुन्या चॅसीत एक ब्रश पुष्कळदा फ्रेमलाच जोडलेला असतो, आणि तसाच डीकोडर लावला की तो क्षणात जळतो. रंगसंगती ठरलेली आहे: लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला, नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या आणि पिवळी मागच्या दिव्याला, निळी दिव्यांची सामाईक. डीकोडरची करंटची क्षमता मघाशी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा जास्त हवी. जागा असेल तर वीज क्षणभर साठवणारा कपॅसिटर जोडा. छोट्या चार चाकी गाडीत त्याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही. डीकोडर मोटरला चिकटवून गुंडाळू नका, दोघांनाही हवा लागू द्या.

वेग

एनची चॅसी मुळात जलद गाड्यांसाठी असेल आणि तुम्ही तिच्यावर डुलत जाणारी नॅरोगेज रेलकार बसवली असेल, तर ती उधळते. वेग मोजा: १ मीटर अंतराला लागलेले सेकंद घ्या. एचओत १ मीटर म्हणजे ८७ मीटर. १० सेकंद लागले तर सेकंदाला ८.७ मीटर, म्हणजे ताशी ३१ किमी. ताशी २५ किमी हवे असतील तर तेच अंतर साडेबारा सेकंदांत कापायला हवं.

डीसीसीत हे सोपं आहे. सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग: सीव्ही २ ने सुरुवातीचं व्होल्टेज, सीव्ही ५ ने कमाल, सीव्ही ६ ने मधलं, सीव्ही ३ आणि ४ ने वेग वाढण्या-घटण्याचा संथपणा. आधी ५ कमी करा, मग ६ ला त्याच्या निम्म्याहून थोडं कमी ठेवा. साध्या डीसीवर एक जुनी युक्ती आहे. ब्रिज रेक्टिफायरचे अधिक आणि उणे पाय एकमेकांना जोडा आणि त्याचे एसी पाय मोटरच्या एका वायरमध्ये मध्येच घाला. दोन्ही दिशांना सुमारे १.४ व्होल्ट कमी होतात. दोन घातले तर २.८. ही युक्ती डीसीसीच्या गाडीत वापरू नका. आणि लक्षात असू द्या की व्होल्टेज कमी केल्याने कमाल वेग घटतो, सगळ्यात हळू चालण्याची क्षमता सुधारत नाही. ती गिअरच्या प्रमाणावर असते, आणि ते चॅसी निवडतानाच बघायचं होतं.

रंगाआधीची चाचणी

रंग शेवटी, आणि चॅसी पूर्ण बाहेर काढून. पण प्रायमर लावण्याआधी बॉडी उघडी स्टायरीनचीच असताना गाडी सगळ्या वळणांवर, दोन्ही दिशांना, डबे जोडून आणि न जोडता, ढकलत आणि ओढत चालवा. ढकलताना उतरणारी गाडी ओढताना अनेकदा ठीक चालते. करंटचा आकडा पहिल्या नोंदीशी ताडून पाहा. बोगी कुठे घासते ते सापडत नसेल तर फरशीच्या खालच्या बाजूला खडूची पूड चोळा आणि वळणावर दोन फेऱ्या मारा. पूड जिथे पुसली गेली तिथे कानस लावा.

मग प्लास्टिकला चालणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब प्रत्येक बेअरिंगला द्या. त्याहून जास्त तेल धूळ आणि तंतू गोळा करतं आणि चाकांवर उतरून वीज तोडतं. रंग झाल्यावर चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडा आणि स्पर्शपट्ट्या पुन्हा पुसा. फरशीच्या आतल्या बाजूला चॅसीचं नाव, तिचा मूळ क्रमांक, बॉडीशिवायचा करंट आणि सीव्हीचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवा. कापून काढलेले तुकडे, मूळ कपलर आणि उरलेले स्क्रू एका पाकिटात घालून त्यावरही तोच क्रमांक टाका.